पोर्ट अडकलाय? कोण बसलंय ते बघा, मग कोणी बसवलंय ते

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा उत्पादनाच्या नोंदी ठेवणारा छोटा सर्व्हर असो, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधला सगळ्यांच्या वापराचा लिनक्स सर्व्हर असो, की कॉलेज रोडवरच्या ऑफिसातला उबुंटूचा लॅपटॉप. प्रोग्राम सुरू करायला जावं आणि पडद्यावर ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ अशी ओळ यावी, हे तिन्हीकडे घडतं. याच तक्रारीला पायथन ‘एरनो ९८’ म्हणतं, नोड ‘ईॲडरइनयूज’ लिहितं, एनजिनएक्स ‘बाइंड फेल्ड’ सांगून थांबतं. अर्थ एकच: हवा असलेला पोर्ट आधीच कोणीतरी धरून ठेवलाय.

यावर दोन उपाय सर्रास होतात. मशीन रीस्टार्ट करायचं, नाहीतर कुठूनतरी मिळालेली ‘किल -९’ची, म्हणजे प्रोग्राम जबरदस्तीने संपवणारी, ओळ चिकटवायची. दोन्हींनी पोर्ट पुष्कळदा मोकळा होतो, म्हणून ती सवय सुटत नाही. पण रीस्टार्टने त्या मशीनवरचं बाकीचं सगळं कामही बंद पडतं. शिवाय अडवणारी सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्राम, बूटबरोबर सुरू होणारी असेल, तर मशीन वर येताच तीच पहिली जागा पकडते. म्हणून आधी दोन प्रश्नांची उत्तरं काढायची: पोर्टवर कोण बसलंय, आणि त्याला तिथे कोणी बसवलंय. दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि अर्धा दिवस तिथेच जातो.

एक सूचना. या लेखात आज्ञा फोनवर एकमेकांना सांगाव्या तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. अक्षरं सगळी लहान लिपीतली. जिथे मोठी लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

पोर्ट म्हणजे नेमकं काय

सातपूरच्या औद्योगिक इमारतीत पत्ता एक आणि गाळे अनेक असतात. मशीनचा आयपी पत्ता म्हणजे ती इमारत, पोर्ट म्हणजे गाळ्याचा नंबर, आणि आत बसलेला भाडेकरू म्हणजे प्रोसेस, चालू असलेला प्रोग्राम. गाळ्यांचे नंबर ६५५३५ पर्यंत जातात, कारण या आकड्यासाठी १६ बिट राखलेले आहेत. १०२४ च्या खालचे नंबर साध्या यूजरला मिळत नाहीत. त्यासाठी रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला यूजर, किंवा खास परवानगी लागते. त्यामुळे ८० वर प्रोग्राम सुरू होत नसेल आणि तक्रार ‘परमिशन डिनाइड’ अशी असेल, तर तिथे कोणी बसलेलं नाही, तुम्हालाच बसायची मुभा नाही. तो प्रश्न वेगळा.

टीसीपी आणि यूडीपी या नेटवर्कवर डेटा पाठवायच्या दोन पद्धती. टीसीपीचा ५३ आणि यूडीपीचा ५३ हे दोन स्वतंत्र गाळे आहेत. पत्त्याचंही तसंच. १२७.०.०.१ वर बसलेला प्रोग्राम फक्त मशीनच्या आतल्यांशी बोलतो, तर ०.०.०.० वर बसलेला मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर तो नंबर अडवतो. म्हणून एक प्रोग्राम १२७.०.०.१:८०८० वर असताना दुसरा ०.०.०.०:८०८० मागायला गेला तर अडतो. आयपीव्ही६ मधला दोन कोलनांचा पत्ता, म्हणजे [::], नेहमीच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ चाही तो पोर्ट घेतो. यादीत आयपीव्ही४ ची ओळ दिसत नाही म्हणून पोर्ट रिकामा आहे, असं समजू नका.

कोण बसलंय

आजच्या लिनक्सवर यासाठी एसएस हे साधन जवळपास सगळीकडे असतं. जुनं नेटस्टॅट अजून अनेकांच्या हातात बसलेलं आहे, पण नव्या उबुंटूत ते वेगळं बसवावं लागतं. आज्ञा अशी:

सुडो एसएस -एलटीएनपी 'एसपोर्ट = :८०८०'

एल म्हणजे फक्त ऐकत बसलेले सॉकेट (सॉकेट म्हणजे प्रोग्रामने नेटवर्कसाठी उघडलेलं टोक), टी म्हणजे टीसीपी, एन म्हणजे नावांऐवजी आकडे, पी म्हणजे प्रोसेस. यूडीपीसाठी टीच्या जागी यू. ‘एसपोर्ट’ हा एकच शब्द आहे, त्यातला एस म्हणजे सोर्स, आपल्या बाजूचा. उत्तराच्या शेवटच्या रकान्यात प्रोग्रामचं नाव आणि पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, मिळतो, समजा ‘नोड, पीआयडी=४३२१’. सुडो, म्हणजे आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवणं, विसरलात तर दुसऱ्या यूजरच्या किंवा रूटच्या प्रोसेससाठी हा रकाना कोरा येतो. ओळ दिसते, बसलेला दिसत नाही, आणि माणूस विनाकारण गोंधळतो.

दुसरं साधन एलएसओएफ. तेही चांगलं आहे, पण त्यात एक खड्डा आहे. नुसतं ‘एलएसओएफ -आय :८०८०’ दिलं तर ८०८० शी जोडलेले सगळेच येतात: ऐकणारा सर्व्हर आणि त्याच्याशी बोलणारा तुमचा ब्राउझरसुद्धा. या यादीतले सगळे पीआयडी थेट किलला देणारी एका ओळीची आज्ञा फार फिरते. ती चालवली की सर्व्हरसोबत उघडे टॅब घेऊन फायरफॉक्सही जातो. म्हणून फक्त ऐकणारा मागायचा:

सुडो एलएसओएफ -एनपी -आयटीसीपी:८०८० -एसटीसीपी:लिसन

यात एनपी मधला पी, दोन्हीकडचं टीसीपी आणि लिसन ही अक्षरं मोठ्या लिपीत.

तिसरं साधन फ्यूजर. स्पेलिंगमध्ये एफ आणि त्यापुढे यूजर. ‘सुडो फ्यूजर -व्ही ८०८०/टीसीपी’ हे पाहण्यासाठी ठीक. पण ‘फ्यूजर -के’ हे काहीही न विचारता थेट ९ नंबरचा सिग्नल पाठवतं. तेच वापरायचं असेल तर ‘-के -टर्म’ असं लिहा, टर्म मोठ्या लिपीत. आणि ‘/टीसीपी’ विसरलात तर ते ८०८० नावाची फाइल शोधत बसतं.

पीआयडी हाती आला की लगेच मारायचं नाही. ‘नोड’ किंवा ‘जावा’ एवढ्या नावावरून काहीच कळत नाही, एकाच मशीनवर पाच जावा असू शकतात. आधी ओळख पटवा:

पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,यूजर,एलस्टार्ट,सीएमडी -पी ४३२१

सुडो एलएस -एल /प्रॉक/४३२१/सीडब्ल्यूडी

पहिल्या आज्ञेतून ती कोणाची, कधी सुरू झाली, पूर्ण आज्ञा काय आणि तिचा पालक, म्हणजे तिला सुरू करणारी प्रोसेस, कोण (पीपीआयडी) हे कळतं. दुसरी ती कोणत्या फोल्डरमधून चालू झाली ते दाखवते. फोल्डरचं नाव पाहिलं की बहुतेक वेळा लगेच लक्षात येतं: हा परवाचाच प्रोजेक्ट, टर्मिनलच्या कुठल्यातरी टॅबमध्ये राहून गेलेला.

विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर ८० नंबरचं भांडण बऱ्याचदा अपाचे या वेब सर्व्हरच्या दोन प्रतींमध्ये असतं: एक उबुंटूच्या पॅकेजमधली, दुसरी झॅम्प या तयार संचासोबत आलेली. ओळखायची खूण सोपी आहे. उबुंटूचं अपाचे यादीत ‘अपाचे२’ म्हणून दिसतं, झॅम्पचं ‘एचटीटीपीडी’ म्हणून. पहिलं ‘सिस्टमसीटीएल स्टॉप अपाचे२’ने थांबतं, दुसरं ‘/ऑप्ट/लॅम्प/लॅम्प स्टॉप’ने. या मार्गातल्या लॅम्पच्या स्पेलिंगमध्ये शेवटी दोन पी आहेत.

कोणी बसवलंय

समजा भाडेकरूला बाहेर काढलं, पण मालकाला कळवलंच नाही. मालक नवा भाडेकरू आणून बसवणार. ‘मारली तरी परत येते’ म्हणतात ती प्रोसेस हीच. पीआयडी दर वेळी नवा, पोर्ट तोच.

सर्वांत मोठा मालक सिस्टमडी, लिनक्सवरच्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा. पीआयडी थेट त्यालाच विचारता येतो:

सिस्टमसीटीएल स्टेटस ४३२१

ती प्रोसेस एखाद्या सर्व्हिसची असेल तर सर्व्हिसचं नाव समोर येतं. मग किल वापरायचंच नाही. ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप’ आणि पुढे ते नाव. सर्व्हिसच्या फाइलमध्ये ‘रीस्टार्ट=ऑल्वेज’ असेल तर किल केलेली प्रोसेस डीफॉल्टनुसार १०० मिलिसेकंदांत परत उभी राहते. ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ असेल तर गंमत वेगळी: साध्या किलने गेलेली प्रोसेस नीट थांबली असं धरलं जातं आणि ती परत येत नाही, पण ‘किल -९’ने मारलेली अपघाती मानली जाते आणि परत येते. म्हणजे जास्त जोर लावला की काम उलट फसतं. स्टॉपने मात्र दोन्ही बाबतींत ती खालीच राहते. पुढच्या बूटलाही नको असेल तर ‘डिसेबल’ द्या. दुसऱ्या सर्व्हिसनेही ती सुरू करू नये असं वाटत असेल तर ‘मास्क’.

कधी यादीत प्रोग्रामऐवजी खुद्द ‘सिस्टमडी, पीआयडी=१’ दिसतं. इथे सिस्टमडी स्वतःच पोर्टवर बसून असतो आणि पहिलं गिऱ्हाईक आलं की खरी सर्व्हिस उठवतो. छपाईच्या कप्सचा ६३१ असा असू शकतो, उबुंटूत २२.१० पासून एसएसएचचा, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायच्या सोयीचा, २२ ही असाच. अशा वेळी शेवटी ‘.सर्व्हिस’ असलेलं नाव थांबवून उपयोग नाही, ‘.सॉकेट’ असलेलं थांबवावं लागतं. २२ च्या बाबतीत मात्र हात आवरा. तुम्ही नाशिकमध्ये आणि सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तर तो पोर्ट बंद केल्यावर नव्याने आत शिरायची वाट राहत नाही.

५३ हा पोर्ट उबुंटूत १२७.०.०.५३ वर सिस्टमडी-रिझॉल्व्हडकडे असतो. स्वतःचा डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारा, सर्व्हर उभा करताना तो आड येतो. त्याला मारलं की मशीनवरचं नाव शोधणंच बंद पडतं. ‘रिझॉल्व्हड.कॉन्फ’ फाइलमध्ये ‘डीएनएसस्टबलिसनर=नो’ करून सर्व्हिस रीस्टार्ट करणं हा योग्य रस्ता. यात डीएनएस, स्टबचा एस आणि लिसनरचा एल मोठ्या लिपीत.

दुसरा मालक डॉकर, प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंद डब्यांत चालवणारा. यादीत ‘डॉकर-प्रॉक्सी’ दिसलं तर ते निव्वळ दारावरचं आहे. आत कंटेनर आहे. प्रॉक्सीला मारलं तरी कंटेनर चालूच राहतो. कोणता कंटेनर ते असं विचारा:

डॉकर पीएस --फिल्टर पब्लिश=८०८०

मग ‘डॉकर स्टॉप’ आणि त्याचं नाव. डॉकर आधी सौम्य सिग्नल देतो, १० सेकंद थांबतो आणि मगच जबरदस्ती करतो. कंटेनर ‘--रीस्टार्ट ऑल्वेज’ने सुरू केलेला असेल तर डॉकर किंवा मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तो परत उठेल. ‘अनलेस-स्टॉप्ड’ असेल तर नाही उठणार.

तिसऱ्या प्रकारचे मालक छोटे पण चिवट: नोडमॉन, पीएम२, गनिकॉर्न, एनजिनएक्सचा मास्टर. हे मुलं जन्माला घालतात आणि एखादं गेलं की दुसरं आणतात (नोडमॉन मात्र फाइल बदलल्यावर). एसएसच्या एकाच ओळीत ‘एनजिनएक्स’ तीन-चार वेगवेगळ्या पीआयडींसह दिसत असेल, तर त्यातला मास्टर शोधा. बाकीच्यांच्या पीपीआयडीच्या रकान्यात ज्याचा आकडा आहे, तोच मास्टर. सिग्नल त्याला द्यायचा. पीएम२ ला मात्र सिग्नल नकोच, ‘पीएम२ स्टॉप’ आणि ॲपचं नाव पुरे.

उलटं चित्रही दिसतं. पालक मेला, पण त्याने उघडलेलं सॉकेट वारशाने मिळालेलं मूल मागे राहिलं. सर्व्हरने मध्येच एखादी स्क्रिप्ट चालवली आणि ती अजून संपली नाही, असं असलं की यादीत भलतंच नाव दिसतं: ८०८० वर म्हणे ‘स्लीप’ बसलंय. ते खरंच असतं. जोवर कोणा एकाच्याही हातात ते सॉकेट उघडं आहे, तोवर पोर्ट सुटत नाही.

आणि चौथा मालक म्हणजे आपण स्वतः. टर्मिनलमध्ये प्रोग्राम थांबवायला कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-झेड दाबलं जातं. पडद्यावर ‘स्टॉप्ड’ येतं, प्रॉम्प्ट परत मिळतो, आणि वाटतं काम झालं. प्रत्यक्षात प्रोसेस फक्त गोठवली जाते. पोर्ट तिच्याकडेच राहतो. याची एक खूण ब्राउझरमध्ये दिसते: पान उघडतही नाही आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ही येत नाही, नुसतं फिरत राहतं. कारण जोडणी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वीकारतो, पण उत्तर द्यायला प्रोग्राम जागा नसतो. ‘जॉब्स -एल’ द्या, ‘एफजी’ने तो पुढे आणा आणि कंट्रोल-सी दाबा. दुसऱ्या टर्मिनलमधून अशा गोठलेल्या प्रोसेसला साधा किल दिला तर तो रांगेत पडून राहतो. सोबत ‘किल -कॉन्ट’ दिल्यावर ती जागी होते आणि मग थांबते. कॉन्ट मोठ्या लिपीत.

थांबवायचं कसं

मालक कोणीच नाही, सुटी प्रोसेस आहे, अशी खात्री झाली की:

किल ४३२१

नाव भयंकर असलं तरी ही विनंती आहे. १५ नंबरचा सिगटर्म प्रोसेसला मिळतो आणि तिला हातातलं काम आवरायला वेळ मिळतो: अर्धवट फाइल लिहून पूर्ण करणं, डेटाबेसची जोडणी बंद करणं, लॉक फाइल काढणं, मुलांना थांबवणं. पाच-दहा सेकंद द्या, मग तीच एसएसची आज्ञा पुन्हा चालवा. यादी रिकामी असेल तर पोर्ट मोकळा.

‘किल -९’ मात्र प्रोसेसपर्यंत पोहोचतच नाही. कर्नल तिला परस्पर संपवतो, तिची सॉकेट बंद करतो, आणि वर सांगितलेली आवराआवर होत नाही. साध्या वेब सर्व्हरचं त्यात फारसं बिघडत नाही. डेटाबेसचं बिघडू शकतं. ५४३२ वर पोस्टग्रेस असेल तर विशेष जपा. त्याच्या मुख्य प्रोसेसला सिगटर्म दिला की ते नव्या जोडण्या नाकारतं, पण जुनी गिऱ्हाइकं आपणहून जाईपर्यंत थांबतं. बघणाऱ्याला वाटतं ऐकतच नाही, आणि तो ९ वापरतो. पोस्टग्रेसला पटकन पण नीट थांबवायला सिगइंट आहे, म्हणजे ‘किल -इंट’, इंट मोठ्या लिपीत. त्याहून सरळ म्हणजे सिस्टमसीटीएलने थांबवणं. ३३०६ वरचं मायएसक्यूएलही सिस्टमसीटीएलनेच थांबवा. दोन्ही डेटाबेस अचानक मृत्यूतून लॉगच्या आधारे सावरतात हे खरं, पण ते सावरणं पुढच्या सुरुवातीला वेळ खातं, आणि नेमकी तेव्हाच घाई असते.

९ दिल्यानंतरही प्रोसेस हलत नसेल तर ‘पीएस’मध्ये स्टॅट रकाना बघा. डी असेल तर ती डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या फाइलच्या उत्तराची वाट बघत कर्नलमध्ये अडकली आहे. एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देणारा, सर्व्हर गायब झाला की हे होऊ शकतं. ते उत्तर आल्याशिवाय सिग्नल लागू पडत नाही. कारण दुरुस्त करा, नाहीतर इथे खरोखर रीस्टार्ट करा. झेड असेल तर ती आधीच मेलेली आहे. झॉम्बीकडे कोणताही पोर्ट नसतो, दोषी दुसरा शोधा.

‘किलऑल जावा’ आणि ‘पीकिल -एफ’ यांपासून लांब राहणं बरं. नावावरून मारायला गेलं की आपली चाचणी थांबते आणि शेजारच्या प्रोजेक्टचं टॉमकॅटही.

कोणीच बसलेलं दिसत नाही, तरीही अडतंय

सर्व्हर नुकताच थांबवून लगेच सुरू केला असेल तर हे टाइम-वेटचं लक्षण. टीसीपीची जोडणी बंद झाल्यावर, बंद करण्यात पुढाकार घेतलेल्या बाजूला तिची नोंद लिनक्समध्ये ६० सेकंद राहते, वाटेत रेंगाळलेली जुनी पाकिटं नव्या जोडणीत घुसू नयेत म्हणून. या नोंदीला प्रोसेस नसते, त्यामुळे मारायलाही कोणी नाही. बघायची आज्ञा:

एसएस -टॅन स्टेट टाइम-वेट

‘टॅन’ म्हणजे टी, ए, एन ही तीन अक्षरं. एक मिनिट थांबणं हा उपाय आहेच. कायमचा उपाय प्रोग्राममध्ये आहे: बाइंड करण्याआधी, म्हणजे पोर्ट धरण्याआधी, सॉकेटवर ‘एसओ_रीयूजॲडर’ लावायचं, सगळं मोठ्या लिपीत. बहुतेक तयार सर्व्हर ते लावतात, हाताने लिहिलेल्या सॉकेटच्या प्रोग्राममध्ये ते राहून जातं. ‘टीसीपी_फिन_टाइमआउट’ कमी करा असा सल्ला दिला जातो, त्याचा इथे संबंध नाही. ते सेटिंग फिन-वेट-२ या वेगळ्या अवस्थेचं आहे आणि हे ६० सेकंद कर्नलमध्ये पक्के लिहिलेले आहेत.

सुडो देऊनही ओळ दिसते पण प्रोसेसचा रकाना कोरा, असं असेल तर तिथे खुद्द कर्नल बसलेला असू शकतो. एनएफएस सर्व्हरचा २०४९ असाच. तिथे पीआयडी शोधू नका, ‘सिस्टमसीटीएल स्टॉप एनएफएस-सर्व्हर’ द्या.

आणखी एक कारण चुकवतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीला कर्नल आपल्या बाजूने एक तात्पुरता पोर्ट देतो, आणि तो नेहमीच्या सेटिंगमध्ये ३२७६८ ते ६०९९९ मधला असतो. तुमचा प्रोग्राम ४५००० वर ऐकणारा असेल, तर एखाद्या दिवशी तो नंबर आधीच कुठल्यातरी बाहेरच्या जोडणीला गेलेला असतो. ‘-एल’ लावलेल्या यादीत ही जोडणी दिसत नाही, ‘सुडो एसएस -टॅनपी’मध्ये दिसते. दहा दिवस चालतं आणि अकराव्या दिवशी अडतं, अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा. प्रोग्रामचा पोर्ट ३२७६८ च्या खाली आणा.

कॉलेजच्या सामायिक सर्व्हरवर हा हिशेब सुरुवातीलाच मांडून ठेवता येतो. चाळीस जण एकाच वेळी फ्लास्क, म्हणजे पायथनचा वेब प्रोग्राम, सुरू करतात, सगळ्यांचा डीफॉल्ट ५०००. पहिल्याला मिळतो, एकोणचाळीस जणांना ‘एरनो ९८’. ५००० वर बसलेला दुसऱ्या विद्यार्थ्याचा असेल तर त्याला दिलेला किल तुम्हाला ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ सांगेल, आणि ते योग्यच आहे. पोर्ट ठरवायला २०००० मध्ये आपला हजेरी क्रमांक मिळवा: ३७ नंबरच्याने २००३७ घ्यावा, ‘फ्लास्क रन --पोर्ट २००३७’ अशी आज्ञा देऊन. दोन तुकड्या असतील तर दुसरीने २१००० पासून. मग आपल्या नंबरवर कोणी बसलेलं दिसलं, तर ते बहुधा आपलंच मागच्या तासाला राहून गेलेलं असतं, आणि ते निःशंक मनाने थांबवता येतं.